घट

विट्यात, स्टँडमागच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये
रात्रपाळीला मी एक वही ठेवलीय.
लांब, हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची.
तीन रकाने: थोरली, मधली, धाकटी.
एकाच घराण्यातल्या तीन अवकाश-मालिका.
थोरलीतलं यान पुठ्ठ्याचं, दारं ओढायला मागं माणूस उभा असावा.
मधलीत गालिचे, आणि सगळेच फार समजूतदार.
धाकटीत अंधार. कुणी कुणाशी धड बोलत नाही.

ओळ सात: तोच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो.
थोरलीत कप्तान घड्याळ फोडतो आणि सुटतो.
मधलीत स्वयंपाकीणबाईला आधी कळतं,
रस्सा रोज तेवढाच खारट कसा म्हणून.
धाकटीत कळलेलं असतं सगळ्यांना,
पण सुटायचं कुणालाच नसतं.

(इथं तीन नंबरच्या मागाचा धागा तुटला.
उठलो, गाठ मारली, परत बसलो.)

चुलतभाऊ इंद्रजित त्रिशूरला, गलाईच्या दुकानात.
भट्टीवरच्या फळीला मोबाईल टेकवून तोही हेच बघतो.
अकराला फोन. म्हटलं, आजचा भाग बघितलास?
थोरलीतलीच गोष्ट, नुसती नावं बदललीत. चोरी आहे ही.
तो हसला. मागं मुशीचा चिमटा आपटल्याचा आवाज.
"चोरी कसली? गलाई म्हणायची.
कुणाचंतरी मोडीचं डोरलं येतं, वितळतं,
उद्या त्याचंच कुणाचं कडं होतं. सोन्याला आठवत न्हाई.
पण दर खेपेला थोडी घट येती बघ.
तुझ्या वहीत घटीचा रकाना कुठाय?"

मग चौथा रकाना आखला.
ओळ सात, घट: एक घड्याळ.
ओळ बारा, घट: कप्तानाचं मोठ्यानं हसणं.
ओळ तेवीसला अडलो.
थोरलीत मरणाऱ्या शिपायाला नावही नव्हतं,
मधलीत नाव मिळालं, धाकटीत तर आईसुद्धा.
हे वजन वाढलं कुठनं?
"मग कुणीतरी तांबं मिसळलं असंल," म्हणाला, आणि फोन ठेवला.

ओळ एक्केचाळीस.
यंत्रानं खाली उतरवताना एका माणसाचे दोन होतात.
एक यानात परततो, एक ग्रहावरच राहतो.
थोरलीत दुसऱ्याला संपवतात, भाग संपायच्या आत.
मधलीत दोघं समोरासमोर बसून वाटणी करतात,
नाव तुला, आठवणी मला.
धाकटीत मूळ कोण
हे विचारायचं राहूनच जातं.

त्या रात्री फोन केला नाही.

अठ्ठ्याण्णव साली, सोळाव्या वर्षी, पत्र्याची पेटी घेऊन
एक इंद्रजित मिरजेला रेल्वेत बसला.
एक अजून इथंच आहे, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर,
उद्या भूमितीचा पेपर, आणि आत थोरली चाललीय.
मी बोलतो तो बहुतेक हाच.
त्याची मुलगी फोन उचलते, मल्याळममध्ये काही विचारते.
मी नाव सांगतो. ती ते बापाला सांगते
तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

दसऱ्याला आला.
एकाच देवाच्या दोन पालख्या शर्यतीला सुटल्या,
मूळस्थानाची आणि गावाची.
आम्ही वेगवेगळ्या पालख्यांसाठी ओरडलो.
पूर्वी एकाच बाजूला असायचो. बाजू कुणी बदलली, आठवेना.

रात्री शेडमध्ये वही पुढं केली.
त्यानं एक्केचाळिसावी ओळ वाचली. चौथा रकाना कोरा.
खिशातनं तळहाताएवढा वजनकाटा काढला,
आधी माग बंद करायला लावले, आकडे थरथरतात म्हणून.
वही काट्यावर मावेना.
तेव्हा त्यानं तेवढं एक पान शिवणीजवळ दाबून
सावकाश फाडलं, घडी घालून ठेवलं.
पाच ग्रॅम, एकशे वीस.
माझ्याच पेनानं आकडा कोपऱ्यात लिहिला,
आणि पान वरच्या खिशात घातलं.

मी काही बोललो नाही.
तीन नंबरचा माग सुरू केला, मग चारचा.